हिलोच्या परसबागेतल्या गोगलगायी: मारायच्या कोणत्या, सोडायच्या कोणत्या

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोच्या दक्षिणेला पुना भागात तुम्ही घर घेतलंय. मागच्या अंगणात अळू, मेथी, कोथिंबीर, पुदिना लावलाय आणि गोगलगायी रातोरात वाफे साफ करतायत. सासूबाई दिसेल तिच्यावर मीठ टाकतात. शेजारचे हवाईयन काका म्हणतात, ‘आमच्या गोगलगायी मारू नका, त्या आता उरल्याच नाहीत.’ आणि ऑफिसातल्या एकाने सुचवलंय की गुलाबी शंखाची एक गोगलगाय असते, ती बाकीच्या गोगलगायींना खाते, चार आणून सोडा म्हणजे काम झालं. या तिघांतलं कुणाचं ऐकायचं?

काकांचं म्हणणं खरं आहे, फक्त ते तुमच्या मेथीच्या वाफ्याला लागू नाही. सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. ऑफिसातल्या माणसाचं मात्र अजिबात ऐकू नका. तो कशामुळे चुकतोय हे मी स्वतःचे हात पोळून शिकलोय, ते पुढे सांगतो.

मी मूळचा दापोलीकडचा. हवाईत येऊन बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली बारा भाजीपाल्यावरच्या किडींच्या कामात गेली. त्यानंतर देशी झाडगोगलगायींना बंदिस्त जागेत वाढवण्याचं काम केलं. म्हणजे अर्धं आयुष्य गोगलगायी मारण्यात आणि उरलेलं जगवण्यात गेलं म्हणा. दोन्ही कामांत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट एकच: हात उचलण्याआधी टॉर्च लावून नीट बघणं.

तुम्ही विचारलंय ‘गोगलगायी कशा घालवू?’ मला विचाराल तर इथे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पीक कसं वाचवायचं, पोरांच्या पोटात काय जाऊ द्यायचं नाही, आणि चुकून कुणाला मारायचं नाही. यातला पहिला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा. दुसऱ्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पुना भागात ‘रॅट लंगवर्म’ हे नाव तुमच्या कानावर आलं असेलच. हा उंदरांच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहणारा जंत. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात. गोगलगाय ती लेंडी खाते, अळ्या तिच्या अंगात वाढतात, आणि ती गोगलगाय उंदराने खाल्ली की चक्र पूर्ण होतं. माणूस या चक्रात आगंतुक आहे. आपल्या पोटात गेलेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात, पण पुढची वाट त्यांना सापडत नाही. त्या तिथेच मरतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, कातडीला मुंग्या येणं किंवा नुसत्या स्पर्शानेही दुखणं ही लक्षणं बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. रुग्ण फार नसतात आणि बरेच जण बरे होतात, पण काहींना वर्षानुवर्षं त्रास राहतो. अशी लक्षणं दिसली तर ‘आम्ही पुनात राहतो आणि बागेतला पाला कच्चा खातो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

तुमच्याच भागात हे जास्त असण्याचं कारण एक विशिष्ट प्राणी आहे. पार्मारियन मार्टेन्सी, इथे तिला ‘सेमी-स्लग’ म्हणतात, म्हणजे अर्धी शंखवाली. बोटाच्या दोन पेरांएवढी, तपकिरी, पाठीवर नखाएवढं शंख, आणि तेही बहुतेक वेळा कातडीखाली लपलेलं. ही मूळची आग्नेय आशियातली. ओआहू बेटावर ती १९९६ च्या सुमारास दिसली आणि २००४ च्या आसपास तुमच्या बेटावर पोचली. बाकीच्या गोगलगायी जमिनीलगत रेंगाळतात, ही मात्र भराभर चढते. भिंत, टेबल, कुत्र्याचं भांडं, पाण्याची टाकी, सगळीकडे जाते. पुना भागातल्या एका तपासणीत हिच्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त प्राण्यांत हा जंत सापडला होता. ओट्याखाली किंवा टाकीच्या झाकणाखाली ही दिसली तर दया दाखवायचं काही कारण नाही.

धोका नेमका कुठे असतो हेही सांगतो, कारण लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात. पानावरच्या चकचकीत लाळेच्या रेघेतून लागण होण्याची शक्यता फार कमी. खरा धोका आहे तो पाल्यात लपलेलं तीन-चार मिलिमीटरचं पिल्लू न दिसता चावून गिळलं जाण्याचा. आता आपला स्वयंपाक आठवा. मेथी शिजते. अळूची भाजी तर खाज जावी म्हणून आपण रटरटा उकळतोच, अळूवड्या वाफवतो. या सगळ्याला काही भीती नाही, तीन ते पाच मिनिटं नीट उकळलं की अळ्या मरतात. उरतं ते आपलं लाडकं शेवटचं पाऊल: आमटीवर वरून भुरभुरलेली कोथिंबीर, ताकातली कोथिंबीर, कोशिंबीर, पुदिन्याची चटणी. मराठी घरातला धोका बहुतेक याच चिमूटभर पाल्यात असतो.

माझ्या घरी आमटी उतरवण्याआधी पाच मिनिटं कोथिंबीर आत जाते, वरून नाही. चव थोडी बदलते, हे मान्य. चटणी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो. उणे १५ अंशांत पूर्ण २४ तास राहिली की अळ्या मरतात. घरच्या फ्रीजरचं दार सारखं उघडतं, म्हणून मी दोन दिवस ठेवतो. व्हिनेगरच्या किंवा मिठाच्या पाण्यात पाला बुडवून ठेवण्यावर विसंबू नका. आणि कच्चं खायचंच असेल तर जुडी तशीच नळाखाली धरून उपयोग नाही. देठ सुटे करा आणि एकेक काडी वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून धुवा.

आता वाफ्याकडे येऊ. या बेटांवर मूळची बिनशंखी गोगलगाय नाही, एकही नाही. शंख नसलेली जी दिसेल ती बाहेरून आलेली, हे डोळे झाकून धरा. तुमच्याकडे बहुधा चपटी तपकिरी क्यूबन असेल आणि काळी चामड्यासारखीही असेल. ती काळी तुम्ही पुण्या-मुंबईत पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर पाहिलेली असणार, तिचंच नाव लेव्हिकॉलिस आल्टे. मूळची ती आफ्रिकेची, तुमच्यासारखी आणि माझ्यासारखी तीही प्रवास करून इथे आली. इथल्या जंगलांत या बिनशंखी मंडळींनी वेगळाच घोळ घातलाय. ओआहूवरच्या एका प्रयोगात त्यांनी दोन दुर्मीळ देशी झाडांची रोपं इतकी खाल्ली की जगणाऱ्या रोपांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. थोडक्यात, बिनशंखी मारताना काकांची परवानगी लागत नाही.

शंखवाल्यांमध्ये लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, लांबुळकी, तपकिरी पट्ट्यांची दिसली तर ती आफ्रिकन. मराठवाड्यात २०२२ च्या खरिपात सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय ती हीच. भारतात ती १८४७ मध्ये आली. बेन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत सोडली गेली. हवाईत १९३६ मध्ये आली. तिलाही सोडू नका.

पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. अंधार पडल्यावर दोनेक तासांनी, हातमोजे घालून, टॉर्च आणि लांब चिमटा घेऊन फिरा. घट्ट झाकणाच्या बरणीत सात कप पाण्याला एक कप मीठ घाला आणि उचललेली प्रत्येक गोगलगाय त्यात टाका. दोन-तीन दिवस झाकण लावून ठेवा, मग पिशवीत बांधून कचऱ्यात. सासूबाई निम्म्या बरोबर म्हटलं ते यासाठी. मीठ बरोबर, जागा चुकीची. वाफ्यात टाकलेल्या मिठाने गोगलगायीच्या आधी तुमची कोथिंबीर मरेल. पायाखाली चिरडूही नका. साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ते पाणी वाफ्यात ओतणं तर त्याहून वाईट, कारण बुडून मेलेल्या गोगलगायीतून अळ्या पाण्यात बाहेर पडतात. दिवसा वाफ्याच्या कडेला ओली फळी किंवा गोणपाट टाकून ठेवा, सकाळी उचलून खालची मंडळी गोळा करा. मराठवाड्यातले शेतकरी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवतात, ती युक्ती इथेही चालते. पण हिलोत जवळपास रत्नागिरीइतका पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो, त्यामुळे गूळ टिकत नाही.

गोळ्यांचं आमिष वापरायचं असेल तर आयर्न फॉस्फेटचं घ्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना घातक असतात, आणि तुमच्याकडे कुत्रा आहे असं तुम्ही लिहिलंय. बदकं पाळणारेही भेटतील. बदक गोगलगायी खातं हे खरं, पण माझ्या अनुभवात ते कोथिंबीर आधी खातं. आणि उंदरांचे पिंजरे लावा. जंत उंदरातून येतो, गोगलगाय फक्त वाहक आहे.

हे सगळं तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलेल. घर खाली, जुन्या वस्तीत असेल तर देशी गोगलगाय भेटण्याची शक्यता फारच कमी. कुंपणाला लागून ओहिया या इथल्या देशी झाडाची झाडं असतील आणि मागे जंगल सुरू होत असेल तर गोळ्या टाकण्याआधी झाडं बघून घ्या. ओहियाच्या पानाखाली किंवा खोडावर मधाच्या रंगाची, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी इवलीशी शंखवाली दिसली तर हात लावू नका. या कुटुंबातल्या काही जाती देशी आहेत, काही रोपवाटिकांमधून बाहेरून आलेल्या. डोळ्यांनी फरक सांगणं मलाही नेहमी जमत नाही. शंका आली तर सोडून द्या.

काका ज्यांच्याबद्दल बोलतात त्या मोठ्या, रंगीत झाडगोगलगायी तुमच्या अंगणात येणार नाहीत. हवाईयन भाषेत त्यांना काहुली म्हणतात, आणि त्या रात्री गातात अशी जुनी समजूत आहे. हवाईत साडेसातशेहून अधिक जातींच्या जमिनीवरच्या गोगलगायी होत्या. त्यांपैकी जगाने पहिली ओळखली ती अशी: १७८० च्या दशकात कॅप्टन डिक्सनला शंखांची एक माळ मिळाली, त्या माळेतली पिवळ्या टोकाची. अचॅटिनेला अपेक्सफुल्वा. तिच्या जातीतला शेवटचा, जॉर्ज नावाचा, १ जानेवारी २०१९ ला ओआहूवरच्या एका प्रयोगशाळेत मेला. चौदा वर्षांचा होता. ओआहूच्या अचॅटिनेला वंशाच्या सगळ्याच जाती १९८१ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. काका हे लहानपणापासून ऐकत आले असतील, म्हणून त्यांना राग येतो. त्यांना सांगा, आम्ही बिनशंखी आणि आफ्रिकनच मारतोय. बहुधा तेच टॉर्च घेऊन मदतीला येतील.

आता गुलाबी शंखवाली. तिचं नाव युग्लॅन्डिना रोझिया, फ्लोरिडाकडची. दिसायला देखणी आहे, तोंडाच्या दोन बाजूंना मिशांसारखे ओठ असतात. त्या मिशा जमिनीवर टेकवत दुसऱ्या गोगलगायीच्या लाळेचा माग काढत ती चालते, आणि झाडावरही चढते. आफ्रिकन गोगलगाय पिकं खाते म्हणून १९५५ मध्ये सरकारी शेती खात्याने हिला हवाईत आणलं. त्या काळात शिकारी गोगलगायींच्या डझनाहून जास्त जाती इथे सोडून पाहिल्या गेल्या, त्यांतली ही चांगलीच टिकली. कागदावर योजना चोख होती. पण शिकाऱ्याला योजना वाचता येत नाही. मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय खाण्यापेक्षा लहान, पातळ शंखाची देशी गोगलगाय गिळणं सोपं, आणि तिने तेच केलं. आफ्रिकन गोगलगाय काही बेटांवर कमी झाली, पण जिथे युग्लॅन्डिना कधी सोडली नव्हती तिथेही झाली. म्हणजे श्रेय हिचं म्हणायलाही आधार नाही.

हवाईवरून धडा घेतला गेला नाही. आफ्रिकन गोगलगाय १९६७ मध्ये ताहितीला पोचली आणि १९७४ मध्ये तिथेही युग्लॅन्डिना सोडली. १९७७ मध्ये शेजारच्या मूरेआ बेटावर. मूरेआला पार्टुला नावाच्या झाडगोगलगायींच्या सात जाती होत्या. अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या, दऱ्यादऱ्यांत वेगळ्या रंगाच्या. क्रॅम्प्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या भागातल्या एकेका दरीतले शंख मोजून ठेवले होते, त्यामुळे काय होतं हे अगदी नेमकं माहीत होतं. १९८७ पर्यंत मूरेआच्या जंगलातून त्या जवळजवळ संपल्या. दोन जाती कायमच्या गेल्या, बाकीच्या प्राणिसंग्रहालयांत डब्यांमध्ये तगल्या. २०१५ पासून त्या परत सोडल्या जातायत, आणि २०२४ मध्ये पार्टुला टोहिवेआनाची जंगलातच जन्मून वाढलेली प्रौढ गोगलगाय मूरेआवर सापडली.

ताहितीत मात्र काही पार्टुला जंगलातच वाचल्या, त्यांतल्या एकीची गोष्ट मला फार आवडते. पार्टुला हायलिना पांढऱ्या शंखाची. पांढऱ्या शंखामुळे ती रानाच्या कडेच्या उन्हात तग धरू शकते, आणि काळपट शंखाच्या शिकाऱ्याला ते ऊन सोसत नाही. तोच पांढरा शंख माळांसाठी लोकांना आवडायचा, म्हणून पूर्वीच्या बेटवासीयांनी तिला कुक आणि ऑस्ट्रल बेटांपर्यंत नेलं होतं. एकाच रंगाने तिला दोनदा तारलं.

मी हात पोळल्याचं म्हणालो ते असं. इथे आलो त्या पहिल्या वर्षी एका मित्राच्या अळूच्या वाफ्यात आफ्रिकन गोगलगायी झाल्या. मला एका बागेत युग्लॅन्डिना सापडल्या होत्या, पाच-सहा उचलल्या आणि त्याच्याकडे नेऊन सोडल्या. शिकलेला माणूस, वर कीटकशास्त्राची पदवी! वर्षभराने गेलो तर अळवावर आफ्रिकन तशाच होत्या, आणि बांधाच्या दगडांखाली पूर्वी दिसणाऱ्या लहान शंखवाल्या कुठेच दिसल्या नाहीत. त्या देशी होत्या की बाहेरच्या, हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. हे मला अजून खुपतं. शिवाय युग्लॅन्डिना दुसऱ्या गोगलगायी खात असल्याने त्यांच्यातला जंतही तिच्या अंगात येतो, म्हणजे तुमच्या अंगणात एक वाहक वाढला. ती बागेत आधीच असेल तर तीही मिठाच्या बरणीत. कुणी न्यू गिनीचा चपटा काळा कृमी सुचवला तर त्याचंही तेच. ग्वाममध्ये तो १९७८ मध्ये सापडला, आणि पॅसिफिकच्या अनेक बेटांवर त्याने देशी गोगलगायी तशाच संपवल्यात.

पाला कसा तपासायचा हे मला वाढवण्याच्या कामाने शिकवलं. तिथे प्रत्येक डब्यात ओहियाच्या डहाळ्या असतात. काहुली पान खात नाहीत, पानावरची बुरशीची साय चाटतात. डबा साफ करताना सुकलेलं पान फेकायचं नाही. आधी दिव्यापुढे धरायचं, उलटायचं, देठाच्या बेचक्यात बघायचं, मग दुसऱ्या माणसाने तेच पान पुन्हा बघायचं. कारण नवं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं असतं, वाळलेल्या पानाच्या सुरकुतीसारखं दिसतं, आणि आई वर्षाला मोजकीच पिल्लं देते. ते पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. असं एक पिल्लू कचऱ्यात गेलं तर त्या दिवशी कुणाला जेवण जात नसे. तुमची कोथिंबीर मी अगदी तशीच तपासायला सांगतोय: दिव्यापुढे, उलटून, देठाच्या बेचक्यात. आकारही जवळपास तोच. मुलांना हे काम द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते. फक्त सापडलेल्याला बोट लावायचं नाही, चिमटा घ्यायचा, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. तुमच्या भागात बऱ्याच घरांना पावसाच्या पाण्याची टाकी असते, तुमच्याकडेही असावी. सेमी-स्लग टाकीत पडून मरते आणि अळ्या पाण्यात उतरतात. झाकणाला फट आहे का, पन्हाळीच्या तोंडाला जाळी आहे का, हे या रविवारी बघून घ्या. स्वयंपाकाच्या नळावर ५ मायक्रॉनचा कार्बन-ब्लॉक फिल्टर हवा. नुसता २० चा जाळीचा पुरत नाही, त्यातून अळ्या निसटू शकतात. घर जुनं असेल तर आधीच्या मालकाला एवढं विचारा की फिल्टर शेवटचा कधी बदलला होता. उत्तर देताना तो अडखळला तर सरळ नवा बसवून घ्या, आणि तोवर प्यायचं पाणी उकळून प्या.